कूपरेजचें मैदान

पूर्वीं रत्नागिरीहून मुंबईस जाणारा मनुष्य आगबोटीनें जाई आणि मुंबईचें पहिलें दर्शन त्याला समुद्रांतून होई. कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकावर उभा असलेला, १८७५ सालीं बांधून झालेला प्रॉंग्जचा दीपस्तंभ मागें पडूं लागला, कीं डेकवर पसरलेलीं माणसें उठून वळकट्या बांधूं लागत. ती आगबोट आतां राहिली नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग अखंड सुरू झाल्यापासून रत्नागिरीकर गाडींत बसतो आणि मुंबईंत उतरतो. त्याचें काम पुष्कळदां मंत्रालयांत असतें. कुणाची बदली, कुणाचें निवृत्तिवेतन, कुणाच्या जमिनीचा कज्जा. बोरीबंदराहून, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून, तो मंत्रालयाकडे पायीं निघाला तर अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेंत त्याला चार मैदानें लागतात. पहिलें आझाद मैदान, दुसरें क्रॉस मैदान, तिसरें ओव्हल. या तिहींवर क्रिकेटचे इतके सामने एकाच वेळीं चाललेले असतात, कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाकडे पाठ करून उभा असतो, आणि कोणता चेंडू कोणाचा हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. चौथ्या मैदानाकडे मात्र या प्रवाशाचें लक्ष सहसा जात नाहीं. ओव्हलच्या दक्षिणेस, मॅडम कामा रस्त्याच्या पलीकडे, कुंपणाच्या आड तें असतें. तें कूपरेज. विसाव्या शतकांत मुंबईचा फुटबॉल म्हटला, कीं हेंच नांव तोंडीं येई.

कूपरेज हें नांव मराठी कानाला परकें लागतें, आणि कुणी कूपर नांवाचा साहेब किंवा पारशी गृहस्थ होऊन गेला असावा व त्याच्या नांवानें हें मैदान झालें असावें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. इंग्रजींत कूपर म्हणजे लांकडी पिंपें करणारा कारागीर, आणि कूपरेज म्हणजे त्याचा कारखाना. पिंप हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला व घरोघर इतका रुळला, कीं तो परका आहे हें आतां सांगावें लागतें. शिडांच्या जहाजांच्या काळीं पिंपावांचून सफरच होत नसे. चार चार महिने पुरेल एवढें पाणी, खारवलेलें मांस, दारू, सारें पिंपांत भरून नेत. या पिंपाची घडणहि मौजेची आहे. लांकडाच्या फळ्या शेकून वांकवावयाच्या, त्या गोल उभ्या करून वरून लोखंडी कडीं ठोकून बसवावयाचीं. खिळा नाहीं, सरस नाहीं. पाणी भरलें म्हणजे लांकूड फुगतें आणि फटी आपोआप मिटतात. कोंकणांतला होडी बांधणारा सुतार फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ भरतो. हा कारागीर तेंच काम पाण्याकडून करून घेतो. अशा कारागिरांच्या शेडी अठराव्या शतकांत मुंबईच्या कोटाबाहेर, अपोलो दरवाजाच्या बाजूस होत्या. कारागीर गेले, पिंपें गेलीं, शिडांचीं जहाजेंहि गेलीं. नांव तेवढें जमिनीला चिकटून राहिलें.

ही जमीन मुळांत मोकळी कशी राहिली, हें समजून घेण्यासारखें आहे. मुंबईचा कोट म्हणजे तटबंदी असलेलें गांव. शत्रु चालून आला तर त्याला आडोसा मिळूं नये आणि तटावरील तोफांना समोर स्वच्छ मैदान असावें, म्हणून तटाबाहेरची जागा कंपनी सरकारनें मुद्दाम रिकामी ठेविली. तिला एस्प्लनेड म्हणत. हा शत्रु बहुतेक काळ फ्रेंच होता, आणि तो आला नाहीं. १८६२ पासून १८६७ पर्यंत सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आला. मग त्या मोकळ्या पट्ट्यावर इमारती उठल्या, रस्ते पडले, आणि उरलेल्या जागेचे चार तुकडे झाले. आझाद, क्रॉस, ओव्हल व कूपरेज हेच ते चार. ज्या जमिनीवर आज एकेक चौरस फूट सोन्याच्या तोलानें मोजला जातो, त्या जमिनीवर मुलें चेंडू खेळतात याचें श्रेय कोणाही नगररचनाकाराचें नव्हे. तें तोफांच्या धाकाचें आहे.

तोफा गेल्या, तेव्हां दुसरा प्रश्न उभा राहिला: या मैदानांवर यावें कुणी? १८७५ सालीं बॉम्बे जिमखाना निघाला व युरोपियन मंडळी घोड्यांवरून पोलो खेळूं लागली. त्याच एस्प्लनेडवर पारशी व हिंदु तरुण क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे आणि तीवर चेंडूची उसळी कशी घेणार? १८८० नंतरच्या दशकांत याविषयीं सरकारकडे अर्ज गेले, कधीं एका बाजूनें निकाल झाला, कधीं दुसऱ्या बाजूनें. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनीं या झगड्याची हकीकत १८९७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढें मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांना निरनिराळ्या जागा मिळाल्या आणि तंटा मिटला. मिटला म्हणजे प्रत्येकाला आपापलें कुंपण मिळालें.

रत्नागिरीकर प्रवासी मान वर करून चालला तर या परिसरांत त्याला परकें वाटण्याचें कारण नाहीं. ओव्हलच्या पूर्वेस उच्च न्यायालयाची दगडी इमारत आहे. ती १८७८ सालीं पुरी झाली. तेथेंच १९०८ सालीं, रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा सांगण्यांत आली. मैदानांच्या पश्चिमेनें जाणाऱ्या रस्त्याला पूर्वीं क्वीन्स रोड म्हणत. आतां तो महर्षि कर्वे मार्ग आहे. अण्णासाहेब कर्वे हे दापोलीजवळच्या मुरूडचे. लहानपणीं परीक्षेसाठीं घाट चढून पायीं साताऱ्यास गेले आणि वय लहान दिसतें म्हणून परत पाठविले गेले, ही त्यांची गोष्ट कोंकणांतील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणि ओव्हलच्या दक्षिण टोकाकडे, मंत्रालयाच्या वाटेवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. एका फुटबॉलच्या मैदानाभोंवतीं एकाच जिल्ह्याचीं इतकीं माणसें सांपडावीं हा योगायोगच, पण रत्नागिरीकराला तो सुखावतो.

न्यायालयाशेजारीं विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या आईच्या नांवानें पैसा दिला. उंची २८० फूट. नकाशा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधींच आले नाहींत. समोर, मैदानांच्या पश्चिम कडेला, १९३० नंतर उभ्या राहिलेल्या गोलाकार सज्जांच्या इमारती. या दोन रांगांना मिळून २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. पश्चिमेकडील इमारतींची जागा मात्र पूर्वीं जमीन नव्हती. तेथें बॅक बेचा समुद्र होता, आणि समुद्राच्या कडेनें चर्चगेटहून कुलाब्यास जाणारी आगगाडी धांवे. १९३० साल संपतां संपतां कुलाबा स्टेशन बंद झालें, रूळ उखडले गेले, समुद्र भरावानें मागें हटला. कूपरेज जागचें हललें नाहीं. किनाऱ्यावरचें मैदान मात्र शहराच्या पोटांत गेलें.

आतां खेळाविषयीं. मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. सिमल्याची ड्यूरंड स्पर्धा तिच्याहून तीनच वर्षांनीं वडील. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटनें जिंकला, आणि त्यानंतर चाळीस पंचेचाळीस वर्षें ही गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी राहिली. पलटणीच्या शिपायाला रोज कवायत, पोटभर खुराक, पायांत बूट. आपल्याकडील बहुतेक खेळाडू अनवाणी. कोरड्या जमिनीवर अनवाणी पाय चेंडूशीं जी लाडीगोडी करतो ती बुटाला साधत नाहीं, हें खरें. परंतु मुंबईंत फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ. चिखलांत अनवाणी पाय घसरतो आणि बुटाचा तळ जमीन धरून ठेवतो. कोंकणांतील पोरांना हें सांगण्याची गरज नाहीं. जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीवर पाऊस पडला म्हणजे शाळेच्या मैदानावर काय होतें, तें त्यांच्या गुडघ्यांवर लिहिलेलें असतें.

१९११ सालीं कलकत्त्यास मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, ती बातमी देशभर गेली. त्याच वर्षीं इकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिचें ठाणें कूपरेजला आहे. बारा वर्षांनीं, १९२३ सालीं, मोहनबागान मुंबईच्या रोव्हर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत आला. डरहॅम लाइट इन्फंट्रीनें त्याला ४–१ असें हरविलें. हार झाली, तरी पलटणींच्या या घरांत देशी संघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो एवढें सिद्ध झालें. चषक हातीं यावयास १९३७ साल उजाडावें लागलें, आणि तो कलकत्त्याला नव्हे, बंगलोरला गेला. बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला. विशेष हें, कीं अंतिम सामन्यांत समोरचा संघहि देशीच, कलकत्त्याचा महमेडन स्पोर्टिंग, होता. पुढल्या वर्षीं बंगलोरनेंच पुन्हां जिंकला, १९४० सालीं महमेडन स्पोर्टिंगनें. स्वराज्य येण्याच्या दहा वर्षें आधीं फुटबॉलच्या मैदानावर हा एक लहानसा सत्तांतराचा देखावा घडून गेला. त्याची नोंद इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर कूपरेज गाजविलें तें हैदराबाद सिटी पोलिसांनीं. १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक त्यांचा होता. त्यांचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक. चेंडू पायांत धरून बसूं नका, आंखूड आंखूड द्या, दोन्ही पाय सारखे चालवा, ही त्यांची शिकवण. चांगला मास्तर हुशार मुलावर सारा भार टाकीत नाहीं, सबंध वर्ग पुढें नेतो. रहीम यांनीं मैदानावर तेंच केलें. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारताचा संघ चौथा आला, आणि १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळालें. पुढल्याच वर्षीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

मेलबोर्नला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४–२ असा जिंकला. त्या चारांपैकीं तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा याचे. ऑलिंपिकमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. नेव्हिल मूळचा गोव्यांतील आसगांवचा, वाढला मुंबईच्या फुटबॉलमध्यें. गोंयकाराचें नि मुंबईच्या फुटबॉलचें नातें स्वतंत्रपणें सांगण्याजोगें आहे. धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गांवाचे कूड असत. कूड म्हणजे गांवकऱ्यांनीं मिळून घेतलेली खोली. जहाजावर नोकरी करणारा खलाशी, आचारी, वाजंत्री, दोन सफरींच्या मधल्या दिवसांत तेथें पथारी टाकी. आमच्या चाकरमान्यांच्या गांवकीच्या खोल्या गिरणगांवांत असत, त्यांतलाच हा प्रकार. रत्नागिरीच्या खोलींत नमन व भजन चाले, गोव्याच्या कुडांत लदीन आणि फुटबॉल. कूपरेजच्या प्रेक्षकांत या मंडळींचा भरणा मोठा असे.

नेव्हिल प्रथम टाटांच्या संघांत होता, मग कॅलटेक्सच्या. या दोन नांवांपाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण मुंबईच्या फुटबॉलचा खरा कणा येथेंच आहे. कलकत्त्यांत संघ उभे राहिले ते वस्तीच्या व जमातीच्या अभिमानावर. मुंबईंत संघ उभे राहिले ते हजेरीपटावर. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, दोन्ही रेल्वे, बंदर, पुढें एअर इंडिया, महिंद्र. ज्याला चेंडू चांगला खेळतां येई त्याला यांपैकीं कुठेंतरी नोकरी मिळे. सकाळीं कचेरी, दुपारीं सुटी, सायंकाळीं मैदान. माझगांवच्या, वांद्र्याच्या किंवा परळच्या चाळींतल्या ज्या मुलाचें शिक्षण बेतास बात, त्याला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधि आणि म्हातारपणीं थोडी निश्चिंति मिळवून देणारा असा दुसरा मार्ग नव्हता. घरीं बाप विचारी, चेंडू पोटाला घालणार आहे काय? त्या काळीं मुलाला उत्तर देतां येई, होय, घालील. १९५८ सालीं कॅलटेक्सनें रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हां अशा नोकरदारांनींच तो जिंकला.

ही व्यवस्था मोडली. कांहीं कंपन्या देश सोडून गेल्या, कांहीं गिरण्या बंद पडल्या, आणि ज्या राहिल्या त्यांच्या हिशेबनिसांना अकरा माणसांचा पगार खेळासाठीं कां द्यावा हें कळेनासें झालें. रोव्हर्स स्पर्धा २००१ नंतर झालीच नाहीं. शतकाहून अधिक वयाची ही स्पर्धा कुणाच्या फारशी लक्षांतहि न येतां थांबली. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघानें २००५–०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० सालीं तोहि विसर्जित करण्यांत आला. विजेता संघ चार वर्षांत नाहींसा व्हावा हें क्रिकेटच्या बाबतींत मुंबईंत कुणीं खपवून घेतलें असतें काय?

आज मोठा फुटबॉल मुंबईंत नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तो दूर गेला आहे. मुंबई सिटी हा धंदेवाईक संघ अंधेरीच्या क्रीडासंकुलांत खेळतो. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत झाली, तेव्हां मुंबईकडील सामने नव्या मुंबईंत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. हजारोंच्या संख्येनें माणसें बसवावयाचीं तर कूपरेज पुरणारच नाहीं. तेथें आतां सुमारें ५,००० प्रेक्षकांची सोय आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मैदान नव्यानें बांधलें गेलें आणि मातीच्या जागीं कृत्रिम हिरवळ आली. पाणी सांचत नाहीं, चिखल होत नाहीं, पावसाळा असो कीं उन्हाळा, चेंडू सारखाच धांवतो. जुन्या प्रेक्षकांना चिखलाची आठवण येते, पण चिखलांत गुडघा मोडून नोकरीस मुकलेला खेळाडू त्या आठवणींत सामील होईल असें वाटत नाहीं. नेव्हिल डिसूझाच्या नांवाचें मैदानहि आतां आहे, तें वांद्र्याला.

शेजारच्या ओव्हलची गोष्ट याहून बरी. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें उकिरडा झाला होता. आसपासच्या रहिवाशांनीं संस्था काढली, न्यायालयाचें दार ठोठावलें, मैदान स्वच्छ करून घेतलें. तें आतां कुणालाहि खुलें आहे. ज्याच्याजवळ चेंडू आहे त्यानें यावें. कूपरेजचें तसें नाहीं. तेथें प्रवेश सामन्याच्या दिवशीं. एरवीं दार लोटलेलें. मैदान राखावयाचें तर कुंपण हवें, आणि कुंपण घातलें कीं त्याच्याबाहेर कुणीतरी राहतोच. शापूरजी सोराबजींच्या काळांतला तो प्रश्न दुसऱ्या वेषांत तेथेंच उभा आहे. तरी मुंबईच्या लीगचे आणि मुलींच्या संघांचेहि सामने येथें होतात, आणि ते पाहावयास फार खर्च येत नाहीं. कूपरेजला लागूनच बाग आहे, तींत एकोणिसाव्या शतकांतला बँडस्टँड आहे. पलटणींचे बँड एके काळीं तेथें वाजत. आतां तेथें सायंकाळीं आजोबा मंडळी बसतात. आकाशवाणीचें मुंबई केंद्र तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

मंत्रालय सायंकाळीं सुटतें. रत्नागिरीकराची परतीची गाडी रात्रीं उशिरां असते, आणि मधले चार तास घालवावयाचे कुठें हा त्याचा नेहमींचा प्रश्न. कूपरेजवर त्या दिवशीं सामना असेल तर पंचाची शिट्टी मॅडम कामा रस्त्यावर ऐकूं येते. तो आंत जाऊन बसला तर एक बाजू बँकेच्या कारकुनांची आहे कीं कॉलेजच्या पोरांची, हें शेजाऱ्याला विचारलें म्हणजे कळतें. आणि अर्ध्या खेळापर्यंत तो कुणाच्या तरी बाजूचा होऊन ओरडूं लागलेला असतो. राजाबाईच्या घड्याळाकडे मात्र अधूनमधून नजर ठेवावी लागते. आणि मंत्रालयांतलें काम त्या दिवशीं झालें नसलें, तर पुढल्या महिन्यांत त्याच वाटेनें पुन्हां यावयाचें असतेंच.